खडूचे दोन तुकडे

भाऊ,

लोणावळ्यात माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुमच्याखेरीज कुणी उरलेलं नाही. गाडीच्या दाराच्या बिजागरीला हौसेनं ग्रीस लावून घेतलं, तर त्याच बिजागरीनं माझ्या पांढऱ्या शर्टाची बाही धरली. लाँड्रीवाल्यानं शर्टाला हातही न लावता तो परत पाठवला, वर चिठ्ठी टाचून: "डाग जाणार नाही. जबाबदारी आमची नाही." जन्मभर मास्तरकी केली, वर्तमानपत्रांतून भल्याभल्यांची उणीदुणी काढली, पण इतक्या स्वच्छ शब्दांत अंग काढून घेणं मला कधी जमलं नाही, असं मी चिठ्ठी वाचताना म्हणालो. मग आठवलं, एकदा जमलं होतं. तेव्हा समोर तुम्ही होतात.

मी शाळेत नुकता लागलेलो, कायम व्हायचं बाकी होतं. संस्थेच्या अध्यक्षांबरोबर त्यांच्या गाडीतून तळेगावला निघालो आणि सोमाटणे फाट्यापाशी फॅनबेल्ट तुटला. शंभर पावलांवर एकच गॅरेज, तुमचं. वडील काय करतात असं विचारलं की मी "मोटार लाइनमध्ये आहेत" म्हणायचो. "लाइन" या शब्दामागं फार मोठा आडोसा असतो, भाऊ. अख्खा बाप मावतो. तर आम्ही गाडी ढकलत आणतो आणि तुम्ही कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर येता. मला बघून तुमचा चेहरा असा उजळतो की मला त्याची आजही भीती वाटते. हात पुसायचंही भान राहत नाही, तसेच येऊन तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारता. मी दोन पावलं मागं सरतो. "अहो, हात बघा की! ओळख ना पाळख!" नुसतं हाताचं बोललो असतो तरी भागलं असतं. पुढचं कुणी मागितलं नव्हतं.

तुम्ही एकदा माझ्याकडं, एकदा अध्यक्षांकडं पाहिलंत. मग मान खाली घालून म्हणालात, "चुकलं, सर. खडू असंल तर पूड करून लावा, तेल वडून घेतो. पानी न्हाई लावायचं. पानी लावलं का डाग पक्का बसतो."

माझ्या खिशात सकाळच्या तासाचे खडूचे दोन तुकडे होते. बोटांना लागत होते. "खडू नाही माझ्याकडं," मी म्हणालो.

"मास्तर आणि खडू नाही? कसले हो तुम्ही मास्तर!" अध्यक्ष मोठ्यांदा हसले. तुम्हीही हसलात, मला सांभाळून घ्यायला. बेल्ट बसवलात. निघताना अध्यक्षांसाठी दार उघडून धरलंत आणि मग माझ्यासाठीही. हाताला फडकं गुंडाळून.

संध्याकाळी तुम्ही मोरीत बसून हात घासत होतात. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग सोडा. रोजचंच, पण त्या दिवशी थांबेचनात. आई म्हणाली, "अवो, कातडं काढताय का काय?" तर तुम्ही म्हणालात, "सरांच्या घरात ऱ्हायचं, मंग हात नगं का सरांवानी?" आईला ते कौतुक वाटलं. तिथून पुढं तुम्ही मला घरीही सरच म्हणायला लागलात आणि आई शेजारणींना सांगायची, बापाला पोराचा लय अभिमान. तिला खरं कुणी सांगायचं? तुम्ही सांगितलं नाहीत. मी एकदाही म्हणालो नाही की भाऊ, पहिल्यासारखी नावानं हाक मारा. घासणंही तसंच चालू राहिलं. थंडीत हातांच्या भेगांतून रक्त यायचं आणि काळं त्या भेगांत आणखी आत जाऊन बसायचं.

शेवटी दवाखान्यात तुमच्या बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आकडा दाखवेना. नर्स वैतागली. "नखं बघा यांची! हात तरी धुऊन आणायचे पेशंटचे." तिला सांगायला माझ्याकडं पुष्कळ होतं. मी "सॉरी, सिस्टर" म्हणालो. तिनं स्पिरिटचा बोळा हातात दिला आणि मी तुमचं एक नख घासायला घेतलं. तुम्ही डोळे न उघडता पुटपुटलात, "ऱ्हाऊ द्या, सर. तुमचा हात खराब व्हईल." तुम्ही माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. आकडा आला, पण उशिरा आणि फार कमी. सरणावर गेलात तेव्हा एक नख स्वच्छ होतं, नऊ काळी.

काल तोच डागाचा शर्ट घालून सोमाटण्याला गेलो. गॅरेज आता तुमच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रीकडं आहे. तोही म्हातारा झाला. हात धुवायच्या नळाशी रॉकेलचा डबा अजून त्याच फळीवर असतो. मी त्याच्याशेजारी खडूचे दोन तुकडे ठेवले.

"काय, शाळा काढायची का हितं?" तो म्हणाला.

"गिऱ्हाइकाच्या कपड्यावरच्या डागाला लागतो. द्यायचा राहिला होता."

"कुनाला? तुमी कोन?"

"हे गॅरेज ज्यांचं होतं, त्यांचा मुलगा."

त्या जागेवर हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "म्हंजे सर व्हय तुमी?"

"सर नाही. मुलगा."

मग त्याचं लक्ष बाहीकडं गेलं आणि त्यानं खडूचा एक तुकडा माझ्यापुढं धरला. मी तो घेतला नाही. नळ सोडला आणि बाही धारेखाली धरली. तो ओरडला, "आरं पोरा, पानी नगं लावूस! पक्का बसंल त्यो!"

हे पत्र कुठं टाकायचं नाही. एवढंच सांगायचं होतं, भाऊ, की नळ मी बंद केला नाही.