दोन स्क्रूंमधला रेझिस्टर

हुडकेश्वर, नागपूर
दि. २२ डिसेंबर २०२४

प्रिय रुपरावभाऊ यांस,

महादेवचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघंही ठीक. सिंधूचा गुडघा थंडीत कुरकुर करतो, बाकी तक्रार नाही. तुम्ही, अंजनावहिनी आणि नंदिनी मजेत असाल असं धरून चालतो. तुमची नात आता तिसरीत असेल.

पत्र पाहून नवल वाटेल. दिवाळीनंतर मी तुम्हाला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही "बोल गा महादेव" म्हणालात आणि मी भिवापूरकडे मिरची कशी आहे ते विचारून फोन ठेवला. मिरचीसाठी फोन केला नव्हता, हे तुम्हालाही कळलं असेल.

मी नुकताच घरी एक पॉवर सप्लाय बनवला. शून्य ते तीस व्होल्ट, बटण फिरवलं की पाहिजे तेवढा. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी सहा बनवले होते, तसाच. आत मायक्रोकंट्रोलर आहे. तो बटण कुठे आहे ते वाचतो, त्याप्रमाणे पुढच्या ट्रान्झिस्टरला किती उघडायचं ते सांगतो आणि छोट्या पडद्यावर आकडा दाखवतो. ट्रान्सफॉर्मर जुनाच, तुम्ही निवृत्तीच्या दिवशी मला देऊन गेलात तो. डबा पत्र्याचा. भोकं पाडताना दोन चुकली, ती पुठ्ठा लावून झाकली.

सिंधू म्हणते, "हॉलमधी धूर करून राहिले तुम्ही. चाला, डास तं पळाले." तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर पोळ्या लाटते आहे. उरलेल्या अर्ध्यावर माझा पसारा.

सोल्डरिंग करताना तुमची आठवण येते. तापलेलं आयर्न कसं धरायचं ते तुम्हीच शिकवलंत. "तार तापव, शिसं तिच्यामागं आपोआप जाते," असं म्हणायचात. मी नवा लागलो तेव्हा तुम्हाला लॅबमध्ये अकरा वर्षं झाली होती आणि तुमचा एकही जोड कधी सुटलेला नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

हा सप्लाय बनवताना मला एक गोष्ट कळली. स्विच दाबल्यावर मायक्रोकंट्रोलरला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. डोळ्याची पापणी लवते तेवढा. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टरला हुकूम देणारी तार कोणाच्याच ताब्यात नसते, आणि माझ्या सर्किटच्या जुन्या नकाशात अशी मोकळी तार ट्रान्झिस्टरला पूर्ण उघडी ठेवते. म्हणजे बटण शून्यावर असलं, तरी पहिल्या क्षणी तीसच्या तीस व्होल्ट बाहेर येतात. मग मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि सगळं शून्यावर आणतो. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर इतका सुस्त, की त्याला ते दिसतही नाही. ती तार दहा हजार ओहमच्या एका रेझिस्टरने ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, बांधली की काम झालं. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. माझ्या नकाशात ती नव्हती.

लॅबमध्ये हे कधी दिसलं नाही, कारण आपली पद्धत. सकाळी आल्यावर तुम्ही सहाही डबे चालू करायचात, मग दिवसभर पोरं येऊन वायरी जोडायची. वायर जोडलेली असताना डबा चालू करायची वेळच येत नसे. ती एकदाच आली. मे २०१५, शेवटच्या वर्षाच्या अपेक्षाची प्रोजेक्टची परीक्षा.

ही ओळ लिहून मी उठलो, नळाला पाणी आलं होतं ते भरलं, आणि परत बसलो. वर मी लिहिलं की हे मला आता कळलं. ते खोटं आहे. कागद फाडून नवा घ्यावा असं वाटलं, पण नव्या कागदावरही मी तसंच काहीतरी लिहीन. म्हणून राहू देतो.

मला हे नऊ वर्षांपासून माहीत आहे.

त्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते आणि लाइट गेली होती. अपेक्षाने मिरचीतला ओलावा मोजायचं यंत्र केलं होतं, सहा महिने खपून. लाइट आली तेव्हा परीक्षकांना घाई होती. यंत्र जोडलेलंच होतं. तुम्ही बटण डावीकडे टोकापर्यंत फिरवलंत, नेहमीसारखं मोठ्याने "शून्य" म्हणालात आणि स्विच दाबलात. यंत्रातून धूर निघाला. अपेक्षाने दोन्ही हात त्यावर ठेवले, जसं काही झाकून ते थांबणार होतं. धांदलीत डब्याला तिघा-चौघांचे हात लागले. नंतर पाहिलं तर बटण अठरावर.

विभागप्रमुखांनी विचारलं, "रुपराव, बटण शून्यावर होतं का?"

"मी शून्य करूनच चालू केलं जी." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "महादेव, तू आयकलं ना गा?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

तेवढंच म्हणालो. तुमचा हात आदल्या वर्षीच्या तापानंतर थोडा थरथरत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. पुढचं लोकांनी आपापलं जुळवलं. मी कोणाला काही सांगितलं नाही, आणि तेच पुरेसं झालं. महिन्याने तुमची बदली स्टोअरमध्ये झाली, खुर्च्या-टेबलांच्या नोंदी ठेवायला. दीड वर्षाने तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी गेलात.

परीक्षेनंतर चार दिवसांनी मी एकटाच लॅबमध्ये टॉर्चचा बल्ब जोडून डबा चालू केला होता. बटण शून्यावर. बल्ब एकदा पांढरा चमकला आणि गेला. माझ्या डब्यांबद्दल तेव्हा कॉलेजच्या वार्षिक अंकात फोटोसह छापून आलं होतं, प्राचार्यांनी सभेत नाव घेतलं होतं, माझ्या बढतीचा कागद वर गेला होता. मी सुट्टीत सहाही डबे उघडले, सहा रेझिस्टर लावले आणि झाकणं बंद केली. तुमच्या निरोपाच्या दिवशी भाषण मीच केलं. तुमच्या हातातल्या कसबाबद्दल बोललो. तुम्ही खाली मान घालून ऐकत होतात. नंतर जवळ येऊन म्हणालात, "तू तरी चांगलं बोलला गा," आणि हा ट्रान्सफॉर्मर पिशवीतून काढून दिलात.

मनाची समजूत घालायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, की रुपरावभाऊंना स्वतःला ठाऊक आहे, त्यांनी शून्य केलं होतं. जगाने काही म्हणो, माणसाला आपलं खरं माहीत असतं. यावर मी नऊ वर्षं काढली.

मग मागच्या महिन्यात कन्हान गावच्या लग्नात अंजनावहिनी भेटल्या. तुम्ही का नाही आलात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ते कुठी येत नाहीत भाऊजी. नंदिनीच्या सायकलचा नट आवळाले शेजारच्याले बलावतेत. मी म्हटलं, काहून जी, तुमाले काय झालं? तं म्हणतेत, माह्या हाताचा भरोसा नाही, एका पोरीचं वर्ष जाळलं त्यानं."

माझ्या हातात जेवणाचं ताट होतं. मी ते ठेवलं. वहिनींना वाटलं, मला भाजी तिखट लागली.

तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुमच्या हातावर मी जो आळ येऊ दिला, तो तुम्ही स्वतःच मान्य करून बसलात.

तेव्हा हा डबा मी शौक म्हणून केलेला नाही. जुन्याच नकाशावरून केला, चुकीसकट. गेल्या रविवारी सिंधूला समोर बसवलं, तिला सगळं सांगितलं आणि बल्ब जोडला. बटण शून्यावर ठेवलं आणि स्विच तिला दाबायला लावला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. बल्ब चमकून गेला. तिने गेलेला बल्ब काढून ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "फोनवर नका सांगू. लिहून द्या. त्यायले कोणाले दाखवता आलं पायजे."

म्हणून लिहून देतो आहे. याच मजकुराचं पत्र विभागप्रमुखांनाही उद्या रजिस्टरने पाठवतो, त्याची प्रत सोबत ठेवतो. अपेक्षा पुण्याला असते, तिचा पत्ता मिळवला आहे, तिलाही लिहितो. ती पुढच्या वर्षी पास झाली होती, पण वर्ष गेलं ते गेलं.

पार्सलमध्ये डबा आहे. तो रेझिस्टर मी आत लावलेला नाही. पाठीमागे बाहेरच दोन स्क्रू आहेत, त्यांत तो धरलेला आहे. टॉर्चचे चार बल्ब कापसात गुंडाळून ठेवले आहेत. दोन्ही स्क्रू ढिले करा, रेझिस्टर काढून बाजूला ठेवा, बटण शून्यावर आणा आणि चालू करा. बल्ब जाईल. मग तो परत लावा आणि दुसऱ्या बल्बवर तेच करा. बल्ब राहील. हात तोच असेल, तुमचाच. नंदिनीलाही बोलवा पाहायला.

स्क्रू मात्र शेजाऱ्याकडून ढिले करून घेऊ नका, एवढंच मागतो. माफी मागत नाही. ती कोणत्या तोंडाने मागायची ते मला कळत नाही. तुम्ही या पत्राचं उत्तर दिलं नाहीत, तरी मला ते समजेल.

वहिनींना नमस्कार, नंदिनीला आशीर्वाद.

त्या दिवशी तुमच्यापासून दोन हातांवर उभा असलेला, आणि तुम्ही "शून्य" म्हणालात ते स्पष्ट ऐकलेला,

महादेव