बशीतला गहू

१३ डिसेंबर

संत लूसीचा दिवस. नाताळचा गहू पेरला! म्हणजे पेरला नोनानं, माझ्या सासूनं, आणि लेकीनं, टोन्कानं. मी नुसती दुकानातून पिशवी आणली, तीही दवाखान्यातली नोकरी आटपून पळत पळत. फळीवरची शेवटची.

टोन्काला सध्या सगळं घरी पिकवायचं आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या म्हणे, शहरातल्या मुलांना दूध पिशवीत पिकतं असं वाटतं. झालं! तेव्हापासून चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आमची शेती. मुळे आले ते उंदराच्या शेपटीएवढे. पुदिना ‘बुरा’नं, इथल्या थंड उत्तरेच्या वाऱ्यानं, कुंडीसकट खाली नेला. दही लागलंच नाही. नीट चाललंय ते एकच, नोनाबरोबर मिठाच्या पाण्यात घातलेले ऑलिव्ह. टोन्का रोज पाणी बदलते. "मार्चात खायला होतील," नोना सांगते.

आज बशीत कापूस, त्यावर गहू. नोनानं मूठभर घेऊन बोटांत चोळला. माझ्याकडे पाहिलं. हसून म्हणाली, "बरा आहे." मग टोन्काला, "अगं पसरून घाल! कोंबड्यांना टाकतेस का?"

आणि मग एकदम, "हे बघ यासेन्का, माझा हात आता बरा झालाय. काय ते गहूच ठरवेल. नाताळला दाट, हिरवा आला तर मी ब्राच बेटावर माझ्या घरी जाते. नाही आला, तर आहेच मी तुमच्या मानगुटीवर."

टोन्का ओरडली, "मी खूप पाणी घालीन!" तिला काय कळतंय.

मी हसले. ऑक्टोबरात नोना द्राक्षाच्या मळ्यात पडली, हात मोडला, तेव्हा मीच म्हणाले होते, "हात बरा होईपर्यंत राहा ना आमच्याकडे." शब्द माझेच. पुढचं, "कायमच राहा," हे मी कधी बोललेच नाही.

१५ डिसेंबर

काही नाही. कापूस ओला, गहू फुगलेला.

१६ डिसेंबर

नवऱ्याचा, विट्सकोचा, जहाजावरून फोन. "आई काय म्हणते?" म्हटलं, गहू ठरवणार आहे. तो हसत सुटला. मग म्हणाला, "तुम्ही दोघी सरळ बोलत का नाही?" फेब्रुवारीपर्यंत समुद्रावर बसून सल्ले द्यायला काय जातं!

पण खरं लिहिते. नोना गेली तर दुपारी टोन्काला शाळेतून कोण आणणार? संध्याकाळी मी येते तेव्हा सूप तयार असतं, पोरगी न्हाऊन बसलेली असते. मला ती हवी आहे, पण कशासाठी, ते लिहायलाही लाज वाटते.

१७ डिसेंबर

आज पिशवी नीट वाचली. कोंडा काढलेला गहू! उकडून, साखर-अक्रोड घालून खायचा. हा जन्मात उगवणार नाही. दरवर्षी कुणी ना कुणी बावळट हा घेतं आणि सगळी इमारत तिला हसते. यंदा ती बावळट मी.

सांगायला हवं होतं. नोना समोरच बसली होती, मोजा विणत. तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेणार का?"

उरलेली अर्धी पिशवी पिठाच्या डब्यामागे लपवली.

१८ डिसेंबर

सांगितलं नाही.

१९ डिसेंबर

टोन्का रडली. वर्गातल्या पोरांचे गहू बोटभर आले आणि हिच्या बशीला आंबूस वास. "आई, माझा हात वाईट आहे का गं?" म्हटलं, "नाही गं राणी, थंडी आहे ना." बशी न्हाणीघरात बॉयलरवरच्या फळीवर ठेवली, वर फडकं. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणी बघायचं नाही म्हणून दम दिला.

नोना म्हणाली, "बॉयलरवर? ठेव, ठेव. ऊब लागू दे बिचाऱ्याला." आणि खुदकन हसली.

मग विचारलं, "घरात खिळा आहे का एखादा? यांचा फोटो लावीन म्हणते, पलंगापाशी. किती दिवस पेटीत कोंडून ठेवू?" मीच ठोकून दिला. फोटोतले सासरे माझ्याकडेच बघताहेत. बिचारीनं आशा सोडली, दुसरं काय. तिकडे तिचं दगडी घर, लिंबाचं झाड, शेजारणीकडे सोडलेल्या कोंबड्या. आणि मी तिला एका चुकीच्या पिशवीनं इथं डांबून ठेवते आहे!

२१ डिसेंबर

आज नोना स्वयंपाक करताना गाणं म्हणत होती. मला बघून थांबली नाही. माझ्यासाठी आनंदाचं सोंग करते आहे. मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीला फसवून ठेवून घेणं म्हणजे चोरीच. फरक एवढाच की पोलीस येत नाहीत.

२३ डिसेंबर

केलं एकदाचं.

दुपारी दवाखान्यातून सटकून बाजारात गेले. भाजीवाल्या बायका बश्या मांडून बसल्या होत्या. हिरवागार, वीतभर, हरळीसारखा दाट. मी नुसती बघत उभी. एक बाई म्हणाली, "काय झालं ताई, घरचा नाही आला? लाजू नका हो, अर्धं स्प्लिट शहर माझाच गहू नेतं." मी म्हटलं, शेजारणीसाठी हवाय. ती हसली. "हो हो, सगळ्यांना शेजारणीसाठीच लागतो."

घरी दोघी चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा बघायला गेल्या होत्या. हिरवा गहू आमच्या बशीत बसवला, जुना कागदात गुंडाळून कचऱ्यात. टोन्काचा हात वाईट ठरणार नाही. नोना आपल्या घरी जाईल. मी दुपारच्या बाईचं काहीतरी बघेन.

वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं.

२४ डिसेंबर

खारवलेल्या माशाचा रस्सा, बटाटे, आणि फ्रितुले, म्हणजे तळलेले गोड गोळे. टोन्कानं स्वतः फडकं काढलं आणि किंचाळलीच! "आला! नोना, बघ! आला!" गव्हाभोवती तिनं तिरंगी फीत बांधली, मधे मेणबत्ती खोचली.

नोनानं पात्यांवरून हात फिरवला, उलटा, सुलटा. मग माझ्याकडे पाहिलं. पेरायच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, पण आज हसू नव्हतं. म्हणाली, "छान आलाय. दाट आहे." आणि मग, "आता शब्द म्हणजे शब्द."

मेणबत्ती तिनंच पेटवली. जेवली अगदी थोडं.

माझ्या जिभेवर आलं होतं, "नोना, राहा ना." पण कुठल्या तोंडानं? तिची सुटका करायला एवढा खोटेपणा केला आणि आता स्वार्थासाठी पुन्हा पाय ओढू?

२५ डिसेंबर

नाताळ. पलंगापाशी नुसता खिळा. फोटो पेटीत गेला.

२६ डिसेंबर

उद्याच्या दुपारच्या बोटीनं जाते म्हणाली. मी म्हटलं, "नवीन वर्ष तरी करून जा." म्हणाली, "कोंबड्या वाट बघत असतील." ऑलिव्हचं पाणी कसं बदलायचं ते टोन्काला पुन्हा समजावलं. चवही बघायला सांगितली, "कडूपणा गेला की तुझी तू खा. माझ्यासाठी ठेवू नको."

२७ डिसेंबर

धक्क्यावर सोडून आलो. बुरा सुटला होता. नोनानं मला मिठी मारली, पण घाईघाईनं, पाहुण्यानं मारावी तशी. म्हणाली, "पोरी, तुझ्यावर राग नाही हो माझा." राग कसला, म्हणून मी दिवसभर विचार करते आहे. घरात कुणाचं पाऊल वाजत नाही. नोना मला टोन्काला शाळेतून आणण्यासाठी हवी, असं मी इथं लिहीत होते. पण आज सुट्टी आहे, टोन्का शेजारी बसली आहे, आणि तरी मला नोना हवी आहे.

२८ डिसेंबर

न्याहारीला टोन्कानं विचारलं, "आई, कोंडा काढलेला गहू म्हणजे काय?" कुठं ऐकलंस म्हटलं. "नोना म्हणाली बोटीपाशी. पेरायच्या दिवशी तिला हातात घेतल्या घेतल्याच कळलं होतं, हा मेला कधी उगवायचा नाही. तिला इथंच राहायचं होतं, म्हणूनच तर तिनं पैज लावली. पण मग तू बाजारातून हिरवा आणलास. म्हणाली, तुझ्या आईला सांगू नको, आणायचा तो तिनं आणला, तिचं घर आहे. आई, तू का रडतेस?"

पिठाच्या डब्यामागे अर्धी पिशवी अजून आहे. ब्राचची पुढची बोट गाठते. टोन्का बूट घालते आहे. पिशवी घेतली, नोनाबरोबर पुन्हा पेरायला.