चांगुणाआक्काची म्हैस

प्रिय भागवत,

तू, मी आणि 'हाय-न्हाई' बोलणारे आपण सगळे. टीव्हीवर आपल्याला एकच जागा मिळते, घरगडी नाहीतर येडा. ही तक्रार नगरला कॉलेजात असताना तूच मांडलीस, आणि सभा गाजवणारा मी त्या दिवशी नुसता ऐकत होतो. आपली माणसं हसवतील, पण हसायचं कुणाला ते आपण ठरवू, असं तू म्हणालास. ते वाक्य पुढे मी कितीतरी भाषणांत तुझं नाव न घेता वापरलं.

त्याच रागातून आपलं पहिलं प्रहसन झालं. तुझी बहीण चांगुणाआक्का घोडेगावच्या बाजारात एकटीच म्हैस विकायला आली होती. दाजी ऊसतोडीला गेलेले. तिथं रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरतो, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. परक्या बाईचा हात धरायचा कसा, म्हणून दलाल अडला. घरचा पुरुष घेऊन ये म्हणाला. आक्कानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा भाव सांगितला. "झाकायचं कशाला? म्हस काय चोरीची हाय व्हय?" मग आसपासचे शेतकरीही रुमाल बाजूला सारून भाव उघड विचारू लागले, आणि दलालांची तोंडं बघून लोक पोट धरून हसले. आपण ते जसंच्या तसं बसवलं. दलाल मी झालो होतो. आक्का पहिल्या रांगेत, तोंडाला पदर न लावता हसत होती.

त्या एका प्रसंगावर तुला मुंबईत लेखकाचं काम मिळालं. पाच वर्षं दुसऱ्यांच्या नावावर लिहिलंस, मग स्वतःच्या, मग निर्माता झालास. आणि वाहिनीच्या लोकांनी सांगितलं म्हणून तो प्रसंग तुझ्या मालिकेत जरासा फिरवलास. दलाल शहाणा झाला, आक्काची 'काकू' झाली. काकूला बाजाराची रीत कळत नाही, म्हणून ती ओरडते. ती ओरडली की मागून तयार हशा. सहा वर्षं हेच. मी फोनवर भांडलो तेव्हा तू म्हणालास, "राध्या, लोक हसतात ना, मग झालं की." मी तरी काय केलं? मी शिकवतो त्या शाळेच्या गॅदरिंगला तुलाच पाहुणा म्हणून बोलावलं आणि हार घातला.

गेल्या दिवाळीनंतर आक्का पुन्हा म्हैस घेऊन बाजारात गेली. टीव्हीवरची काकू ती हीच, म्हणून लोकांनी मोबाईल काढून तिला घेरलं. "काकू, वरडा की एकदा." तिनं दावं जावयाच्या हातात दिलं आणि टेम्पोमागे जाऊन उभी राहिली. जावयानं रुमालाखाली हात घातला. म्हैस केवढ्याला गेली, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून ती घरातही इतकं हळू बोलते की नातीला दोनदा विचारावं लागतं. तीस वर्षं मी माईकसमोर उभा राहिलो, पण यावर माझ्याकडे भाषण नाही. जे गेलं ते परत येईल असं मला वाटत नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून त्याचा फोटो पाठवतोय. काल आक्का माझ्याकडे आली होती. मालिका बंद होतेय, शेवटच्या भागात खरी काकू म्हणून तिला मंचावर उभं करणार, गुरुवारी गाडी येणार, असं तुझ्या ऑफिसातून कळवलंय. तिनं लुगडं धुऊन ठेवलंय. मला म्हणाली, "भावानं बोलीवलंय, न्हाई कसं म्हनू? पर मास्तर, तितं मला वरडाया लावत्याल का?" ती आपणहून तुला नाही म्हणणार नाही, आणि तू ऐकशील अशी मला फारशी आशा नाही. तरी सांगतो. आजच तिला फोन कर, ऑफिसातल्या कुणाला करायला लावू नकोस, आणि स्वतःच्या तोंडानं सांग, आक्का, येऊ नकोस.

तुझाच, पहिल्या प्रयोगातला दलाल,
राधाकृष्ण