घर, घेवडा आणि मिठाची बरणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गेल्या वर्षीच्या तापात माझ्या जिभेची चव गेली, हे मी फक्त त्यांनाच सांगितलं आहे. "चव गेलीय, अक्कल नाही," असं ते म्हणाले. दाखल्यात तेवढं लिहिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मृत्युपत्रात रुसवेफुगवे नकोत, असं वकीलसाहेबांनी बजावलं होतं. मग उरतं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

१. माझी बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मीनिम्मी वाटून घ्यावी. दागिने मुलीला. सुनेला माझं शिलाई मशीन, कारण ते वापरायची अक्कल या घरात तिलाच आहे.

२. समारंभाचं मोठं पातेलं नणंदबाईंनी त्यांच्या नातवाच्या बारशाला नेलं. त्या नातवाला आता मिशा फुटल्या, पातेलं काही परतलं नाही. त्या पातेल्याचं झाकण माझ्याकडे आहे. तेही नणंदबाईंना पोचवावे. उगाच त्यांचा संसार उघडा नको.

३. मी राहते ते घर माझ्या यजमानांनी माझ्या नावावर केलेले असून, ते मी माझ्या धाकट्या जाऊबाईंना पूर्ण मालकीने देत आहे. "हयातीपुरता राहण्याचा हक्क लिहा," असं वकीलसाहेब सुचवत होते. म्हटलं, म्हणजे स्वतःच्याच स्वयंपाकघरात भाडेकरू की! पूर्ण मालकीनेच लिहिणार.

या कलमाने माझा मुलगा रागावणार, म्हणून कारण लिहिते. दीर ऐन तारुण्यात गेले. धाकटीला मूलबाळ नाही आणि तिच्या नावावर या जगात काहीही नाही. मी सकाळी ऑफिस गाठायची आणि ती माझ्या दोन्ही मुलांची तोंडं धुण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं करायची. आणि दर रविवारी अख्ख्या गोतावळ्याला घेवडा रांधायची. काय तो घेवडा! रात्री निवडून भिजत घालणार, सकाळी पहिलं पाणी फेकणार, मंद आचेवर बसवणार आणि मग कोणी कितीही घाई करो, हलणार नाही. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबल्याशिवाय टोमॅटो नाही, मीठ तर नाहीच. एकमेकांची तोंडं न बघणारे भाऊ त्या घेवड्याच्या पातेल्यापाशी शेजारी बसून जेवलेले मी पाहिलेत. मी जन्मभर लोकांचे फोन जोडले, पण माणसं जोडली ती हिने.

अशा बाईबद्दल माझा मुलगा मागच्या महिन्यात जेवताना म्हणाला, "आई, तुझ्यामागे घर विकून टाकू. काकूची करू कुठेतरी सोय." ती तेव्हा त्याच्याच ताटात वाढत होती. तिने हात आखडला नाही, उलट एक पळी जास्तच वाढली. अरे, सोय पाहुण्यांची करतात, घरच्या माणसाची नाही!

४. मिठाची चिनीमातीची बरणी. हिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सासऱ्यांच्या सत्तरीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. धाकटीने घेवड्यात मीठ घातलं. तिने घातलं नसेल असं समजून मीही घातलं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटी मात्र शांत. म्हणाली, "ताई, पाच मिनिटं सगळ्यांना गप्पांत गुंतवा." सासूबाईंना रक्तदाब होता, म्हणून त्यांच्यासाठी ती छोट्या पातेल्यात वेगळा अळणी घेवडा शिजवायची. तो तिने घोटून मोठ्या पातेल्यात मिसळला, सासूबाईंना दहीभात दिला आणि पाहुणे बोटं चाटत उठले.

त्या दिवशी सासूबाईंनी नियम केला: रांधेल धाकटी, मीठ थोरलीच घालेल. आणि मीठ पडलं की लाकडी पळी झाकणावर आडवी ठेवायची. पळी खुंटीवर असेल तर घेवडा अळणी समजावा. सासूबाई गेल्या, तरी नियम चालू राहिला. छोटं अळणी पातेलंही चालूच राहिलं. मी म्हणायची, "आता कोणासाठी गं?" ती म्हणायची, "असू द्या, सवय झालीय."

चव गेल्यावर मी अंदाजानेच मीठ घालत होते. कोणी काही बोलेना. मला शंका आली. मग एका रविवारी मी मुद्दाम, चांगलं मूठभर मीठ जास्त टाकलं, पळी आडवी ठेवली आणि गुपचूप पानावर येऊन बसले. मुलगा भुरका मारून म्हणाला, "आई, मीठ अगदी नेमकं! तुझा हात म्हणजे हात!" धाकटी मान खाली घालून वाढत होती. मी आत जाऊन पाहिलं. छोटं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

कधीपासून सांभाळत होती, देव जाणे. ना मला सांगितलं, ना कोणाला. माझा मान राहावा म्हणून दर रविवारी माझ्या मागून माझं मीठ निस्तरत राहिली. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

म्हणून मिठाची बरणी मी धाकट्या जाऊबाईंना देत आहे. यापुढे या घरात मीठ त्यांच्याच हाताने पडेल, आणि ते कमी की जास्त, हा विषय कोणीही काढायचा नाही.

५. छोटं पातेलं माझ्या मुलाला. रविवारी त्याने ते घेऊन काकूकडे यावं, घेवडा निवडण्यापासून शिकावं आणि शिकेपर्यंत घराच्या किमतीबद्दल अवाक्षर काढू नये.

धाकटे, हे वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. मला सगळं कळलं होतं गं. तोंडावर बोलले असते तर तू ते पातेलं बंद केलं असतंस आणि माझा रविवार गेला असता.

याआधी केलेले कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. साक्षीदार बाहेरच्या खोलीत थांबले आहेत. आतून हाक आली आहे, "ताई, दाणा मऊ झालाय. मीठ घालायला येताय ना?"

सही करते आणि जाते.

ठिकाण: राहते घर
दिनांक: १४ जून २०२६, रविवार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
दोघेही जेवायला थांबणार आहेत.