पाच गोळ्या, एक भोक

११ मार्च १९६४
कुशाबा आज पारावर सगळ्यांदेखत बोलला. वाचनालयाची खोली एक मेला उघडायची आहे. दादाचा चांदमारीचा कागद तिथं लावावा, असं सरपंचांनी सुचवलं. चौकटीतला कागद – मधे काळा चांद, चांदाच्या पोटात एकच भोक, आणि खाली चिकटवलेल्या पट्टीवर दादाचं अक्षर : 'सयाजी. १९३८. पाच गोळ्या.' सव्वीस वर्षं आमच्या ओटीवर टांगलेला आहे.
कुशाबा म्हणाला, "एक लागली म्हना. बाकीच्या चार कशेडी घाटात गेल्या." माणसं हसली. वर म्हणतो, "लावा की. पन आदी काच काढून मागून-पुडून बगू. घरी भरलेल्या काडतुसांनी आसलं व्हतं व्हय कुठं?" तो पंच आहे, त्याला तो हक्क आहे.
वहिनी डोक्यावर पाटी घेऊन तिथंच उभी होती. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याकडं त्याचं म्हणून उरलंय काय – हा कागद.
ठरवलं. दादाची तीच रायफल, तोच साचा, काडतुसं माझ्या हातची. एक मेच्या आत पाच गोळ्या एका भोकात. मग कुशाबानं बोलावं.

१२ मार्च
दादाची पेटी उघडली. रिकामी पितळी काडतुसं, शिसं ओतायचा साचा, बंदुकीची दारू तोलायला सोनाराचा लहान काटा, वजनाला गुंजांची डबी. गोळीला लावायला मेण आणि कोकमतेल. ते वहिनीच्या फळीवरचं, पायांच्या भेगांचं.
महाडच्या शाळेतून शनिवारी घरी आलो की मी त्याच्याशेजारी बसून मुलांना शिकवलेल्या कविता म्हणायचो आणि तो माझ्या चालीवर शिसं ओतायचा. "मधे थांबू नको, बंडू. तू थांबलास की धार तुटते." चौसष्टाव्या वर्षी मला बंडू म्हणणारं आता कोणी नाही.
त्या पाच गोळ्यांच्या दिवशी मात्र मी महाडलाच होतो. तो दिवस माझा हुकला.

१७ मार्च
उमरठच्या वाटेवरच्या आमच्या वरकस माळात फळी रोवली, मागे डोंगराची दरड. शंभर पावलं. कागद मीच आखला, शाळेच्या जाड ड्रॉइंगच्या कागदावर. पाच गोळ्या – तीन चांदात, एक खाली, एक फळीच्या लाकडात. खांदा ठणकतोय.

२२ मार्च
पुन्हा तेच. कोणती खाली जाईल, नेम नाही. मी हललो असतो तर मला कळलं असतं. दोष काडतुसात आहे. एखाद्या चरणात एक मात्रा कमी पडावी आणि सगळा श्लोक लंगडावा, तसं. मात्रा शोधली पाहिजे.

२ एप्रिल
एस.टी.नं महाडला गेलो. मोरू सोनार माझा विद्यार्थी, आता त्यालाच नातवंडं आहेत. काटा त्याच्यापुढं ठेवला. विचारलं, काटा खोटा आहे का?
"काटा खरा आहे, मास्तर. तुम्ही गुंजा कशा घेता?"
म्हटलं, डबीत हात घालायचा, येतील त्या मोजून पारड्यात.
तो हसायला लागला. "वर्गात चाळीस पोरं. कोणतीही पाच उचलली तर वजन सारखं भरेल का? तुम्हीच सांगा. गुंजेगुंजेत फरक असतो. एकदाच निवडा, पुडी बांधा, त्याच वापरा."
चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं आणि पोरानं मला एका दुपारी शिकवलं. बसमध्ये एकटाच हसत होतो. कंडक्टर बघत होता.

९ एप्रिल
पुडीतल्या गुंजांनी भरलेली काडतुसं. पाचांतल्या चार एकमेकींना खेटून! चवलीच्या नाण्याखाली झाकतील इतक्या. पाचवी वीतभर खाली.

१४ एप्रिल
पाचवी पुन्हा खाली. आज तर चौथीही.
आता हट्टच. भरलेली काडतुसं ओटीवर सुपात घालून दोन दुपारी उन्हात ठेवली. हवा दमट, दारूला ओल नको.

१६ एप्रिल
पाचच्या पाच खाली. एक तर धड वाजलीही नाही. खूप वेळ बांधावर बसून राहिलो. एक जुनी कविता आठवायचा प्रयत्न केला, तिसरी ओळ येईना.

१७ एप्रिल
वहिनी कोकमाची सोलं वाळत घालत होती. शेजारी माझं सूप. एक काडतूस उचलून तिनं बोटं चोळली.
"भावजी, ह्ये उनात कोनी घातलं?"
"मीच. सुकायला."
"सोलं हायत व्हय ती? कोकमतेल ऊन लागलं की पाजरतं. भेगाळल्या पायाच्या बाईला तरी इचारायचं. आत दारू हाय ना? मंग ती काय वाळली, भिजली की."
दादाच्या वेळीही काडतुसं तूच सावलीत ठेवायचीस का, असं विचारलं. "त्यांना कुठं काय कळायचं," म्हणाली आणि सोलं उलटी करत राहिली.
सगळी काडतुसं सोडवली. पुन्हा पहिल्यापासून. तेल कमी, मेण जास्त. सूप माजघरात, रांजणाच्या गारव्याला, पण ओलीपासून लांब.

२६ एप्रिल
उजाडताच गेलो. वारा नव्हता. मनात भुजंगप्रयात धरला, प्रत्येक चरणाच्या शेवटी श्वास सोडला, आणि चाप.
पहिली. दुसरी. तिसरी. चौथीला वाटलं, फळीच चुकली – कागदावर नवं काही दिसेना. पाचवीलाही दिसेना.
चालत गेलो. एक भोक. कडा उसवलेल्या, पाकळ्या फुटल्यासारख्या. मागच्या दरडीत खुरप्यानं उकरलं, शिशाचे गोळे एकावर एक बसलेले. पाच मोजले.
दादा, झालं.
वहिनीला सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं रडेल.

२८ एप्रिल
दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत म्हणून चौकट खाली घेतली. माझं भोक फाटकं, दादाचं सुबक, गोल. त्याचा हातच वेगळा, असं वाटलं. काच पुसायला मागची फळी काढली.
कागदाच्या पाठीवर चार चौकोनी ठिगळं. खळीनं डकवलेली. उजेडाकडं धरला. चार भोकं, दोन तर चांदाच्या पार बाहेर. पुढून काजळ आणि चुना लावून बेमालूम केलेली.
एकच लागली होती.

२९ एप्रिल
कुशाबा परवा काच काढणार.
दादा खोटा होता, असं लिहायला हात वळत नाही. त्याला जे जमलं नाही ते त्याच्या रायफलीला जमतं, एवढं मी महिनाभर घासून खरं केलं आहे. मग ते त्याच्याच नावावर का असू नये? मला नाव कशाला हवं.
त्याच्या अक्षराची पट्टी वाफ देऊन सोडवली. वहिनीकडं वाटीभर खळ मागितली. कशाला, म्हणून तिनं विचारलं नाही. शिजवून दिली. माझा कागद चौकटीत बसवला, खाली त्याची पट्टी. जुना कागद चुलीत.

३० एप्रिल
दुपारी वहिनीनं बिनदुधाच्या चहाची वाटी आणि फडकं माझ्यासमोर ठेवलं.
"चौकट काढा. कागद लय पांढरा हाय. कुशाबाचं डोळं अजून धड हायत." मी चौकट खाली घेतली. "फडक्यानं टिपा नीट. पट्टी तेवढी भिजवू नका, भावजी, त्यांचं अक्षर हाय त्ये." आत जाता जाता म्हणाली, "तवाची खळ बी मीच शिजवली व्हती."