दाढेतली हवा

१२ फेब्रुवारी, बुधवार

श्रीकर सकाळी आला! पंधरा दिवसांची सुटी. अम्मा ऑटोच्या आवाजालाच दोसैचा तवा चुलीवर ठेवून धावली. त्याचा डावा गाल जरा सुजलेला. मी आधी दात बघते, मग माणूस. भाऊ असला म्हणून काय झालं?

"दाढ का रे?"

"काही नाही अक्का. ट्रेनमध्ये खिडकीशी झोपलों."

दोसै मात्र उजव्या बाजूनेच चावत होता.

अम्माला कोचीच्या गमती सांगितल्या. नौदलाच्या त्यांच्या दवाखान्यात नवा दातांचा डॉक्टर आलाय, साताऱ्याचा. श्रीकर त्याच्याशी आपलं तंजावूरचं घरचं मराठी बोलला, तर तो म्हणे, असं मराठी तीनशे वर्षांपूर्वी बोलत असतील. अम्मा फुगून बसली. म्हणाली, "मग त्यांनीच सोडलं की. आमची काय चूक?" आम्ही खूप हसलो. श्रीकर हसतानाही गालावर हात.

१३ फेब्रुवारी

दुपारी दवाखाना बंद असताना येतो म्हणाला — माझी मदतनीस वरलक्ष्मी जेवायला गेल्यावर. तेव्हाच मला वास आला होता काहीतरी लपवण्याचा.

एक्स-रे काढला. खालची डावी दाढ. कीड थेट आतल्या नसेपर्यंत पोचलेली, मुळाशी काळी सावली. मी रागावले तेव्हा तोंड उघडलं. गेल्या महिन्यात सरावात पाण्यात दहा मीटर खाली गेला, तर दाढेत कोणी खिळा ठोकतंय असं झालं. वर आल्यावर बरं वाटलं.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"कोणाला सांगट्लों नाही."

३ मार्चपासून खोल पाण्यातला डायव्हिंगचा कोर्स. दोन वर्षं त्याची वाट बघतोय. पुढच्या खेपेला वय उलटलेलं असेल. म्हणजे ही शेवटचीच संधी. त्याआधी तपासणी, आणि दाढ अशी दिसली की तात्पुरता अनफिट. मग कोर्स गेला.

दाढेत पोकळी असली की तिच्यात हवा अडकते. खोल पाण्यातून वर येताना ती फुगते. दाढ तडकते. तोंडात श्वासाची नळी, डोक्यावर तीस मीटर पाणी आणि आत दाढ तडकली — कळवळून नळी सुटली तर?

१४ फेब्रुवारी

त्याच्याच फोनवर नियम वाचले. दोनदा. सुटीवर आजारी पडलं तर जवळच्या सैनिकी दवाखान्यात जायचं. ते जमलंच नाही तर बाहेर उपचार घ्यायचे, पण युनिटला लगेच कळवायचं आणि सगळे कागद घेऊन यायचं. दाताच्या प्रत्येक कामाची नोंद त्याच्या दंतपत्रिकेत व्हायला हवी. अर्धवट काम असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

"बघ, सरळ लिहिलंय," मी म्हटलं.

"तू लिहूं नक्को म्हणजे झालं, अक्का. दोन सिटिंगमध्ये संपव. पुरी भरलेली दाढ चालते त्यांना."

ते खरं आहे. पूर्ण भरली तर चालेल. मी हो म्हटलं. अकरा वर्षांत केसपेपर न करता कोणाच्या तोंडाला हात लावला नव्हता. आज लावला.

नस काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट. पू होता, म्हणून आजच बंद करता येईना. पुढची सिटिंग २२ला. सुटी २६पर्यंत आहे. जमेल.

१५ फेब्रुवारी

सूज उतरली. अम्मा म्हणते, तुझ्या हाताला गुण आहे.

१७ फेब्रुवारी

ही वही आज दवाखान्यात टेबलावरच राहिली होती. वरलक्ष्मीने नीट उचलून ठेवली होती. इथे कोणाला वाचता येतंय? अप्पांनी मला देवनागरी शिकवली आणि ते गेले. अम्मा बोलते मराठी, लिहिते तमिळ. श्रीकर हिंदी पाट्यांपुरती अक्षरं लावतो, माझं गिचमीड त्याला लागत नाही. म्हणून तर मी एक्स-रेच्या पाकिटांमागे बिनधास्त लिहिते — "तंबाखू खाते, नाही म्हणते", "सुई बघून रडतो, पोलीस आहे!" पाकीट पेशंटच्याच हातात असतं आणि त्याला पत्ता नसतो.

भीती मात्र वहीत लिहूनही जात नाहीये.

१९ फेब्रुवारी

कोचीहून फोन. सुटी कापली. २१ला हजर व्हायचं. मी २२ धरून बसले होते!

आजच बंद करून टाक म्हणाला. उघडून बघितलं, अजून ओल आहे. बंद केली तर आत सडेल. केली नाही. पुन्हा औषध, पुन्हा तात्पुरतं सिमेंट. वरून बघणाऱ्याला नीट भरलेली दाढ वाटेल, इतकं माझं काम सफाईचं. त्या सफाईचाच राग येतोय.

२० फेब्रुवारी

गेला. अम्माने ताज्या तळलेल्या मुरुक्कूचा डबा दिला. मी त्याच्याकडून वचन घेतलं — कोचीत बाहेर कोणाकडे तरी दुसरी सिटिंग करायची. त्या बाहेरच्या डॉक्टरला दाखवायला एक्स-रे दिला. पाकिटामागे नेहमीसारख्या दोन ओळी खरडल्या. पाकीट चुरगळू नये म्हणून त्याच्या सुटीच्या कागदांच्या फोल्डरमध्ये मीच ठेवलं.

दारात मी त्याचा हात सोडेना. म्हणाला, "अक्का, तू लोकांचे दात उपटतेस, मग येवढं भितेस कां?"

२३ फेब्रुवारी

"दाढ झाली का?" — "करतों."

२४ फेब्रुवारी

"झाली का?" — अंगठा पाठवला. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

तिरुवैयारूला शाळेत दात तपासायला गेले होते. जेवणानंतर बायका घाटावर उभ्या होत्या. एकीने बुडी मारली, ती बाहेर येईपर्यंत मी मोजत राहिले. नदीला पाणी ते केवढंसं, तरी मोजत राहिले.

२५ फेब्रुवारी

त्याच्या युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत, मोजकं. पाठवलं नाही. पाठवलं तर भावाचं वाटोळं माझ्या हातून. नाही पाठवलं तर — ते वाक्य मी पुरं करणार नाही.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. अम्माबरोबर मोठ्या देवळात. तिने श्रीकर पास व्हावा म्हणून हात जोडले. मीही जोडले आणि काय मागायचं तेच सुचेना. मनात जे आलं ते इतकं वाईट होतं की प्रसाद न घेताच बाहेर आले.

२७ फेब्रुवारी

फोन केला त्याने. उद्या तपासणी. दुसरी सिटिंग केलीच नाही! बाहेर जायची परवानगी मिळाली नाही म्हणे. "भरलेलीच दिसते अक्का, कोणाला कळणार? तीन आठवड्यांचा तर कोर्स आहे."

मी ओरडले, रडले. त्याने अम्माला फोन दे म्हटलं. अम्माशी मुरुक्कूबद्दल बोलला.

पत्र उघडलं. बंद केलं. मी भित्री आहे. भाऊ मेला तरी चालेल पण तो माझ्यावर रागवायला नको, असंच झालं ना हे?

२८ फेब्रुवारी

त्याचा फोन बंद. सकाळपासून तीन पेशंट परत पाठवले.

१ मार्च

दुपारी अनोळखी नंबर. शुद्ध मराठी! तंजावुरात फोनवर असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर विनुता? मी कोचीहून बोलतोय, दंतविभागातून. तुमच्या भावाच्या फोल्डरमध्ये एक पाकीट सापडलं. मागे लिहिलंय — तात्पुरतं सिमेंट, आत पोकळी आहे. ह्याला पाण्यात उतरू देऊ नका. हे अक्षर तुमचंच ना?"

मी हो म्हटलं.

म्हणाले, सिमेंट काढलं, आत निम्मी दाढ पोकळ. कडेला चीर पडायला लागलीय. तीस मीटरवर टिकली नसती. बारा आठवडे पाणी बंद. कोर्समधून नाव काढलं. न कळवल्याबद्दल त्याची चौकशी होईल, आणि मलाही लेखी द्यावं लागेल. देईन. काय विचारतील ते सगळं देईन.

अम्माला सांगितलं, श्रीकर बरा आहे. तिला कळेना मी रडत का सांगतेय.

२ मार्च

श्रीकरचा फोन. आवाज अगदी सपाट. एकच विचारलं, "अक्का, पाकिटावरचं तिथे कोणी वाचेल म्हणून ठावं होतं तुला?"

नाही म्हटलं. त्याने फोन ठेवला.

मग ही वही मागे उलटली. १२ तारीख. दातांचा डॉक्टर, साताऱ्याचा. आणि पाकिटावर मी "उतरू देऊ नका" लिहिलं होतं. स्वतःसाठी लिहिताना कोणी "नका" लिहीत नाही.