तळाला केलेल्या सह्या

३ मार्च
वाचलं. सगळ्यांसमोर, उभं राहून. "देवापाशी जायला मध्यस्थ लागत नाही, हे माझं मत खोटं होतं. मी ते सोडतो." आवाज जरासुद्धा कापला नाही — त्याचीच लाज वाटते. मग त्या छापील कागदावर सही. अगदी तळाला, बारीक.

नाही म्हटलं असतं तर बाइंडिंगचं दुकान बंद. धर्ममंडळाने तसं तोंडावर सांगितलं होतं.

४ मार्च
ताईने सही केली नाही. शाळेने तिला काढलं. दारातूनच म्हणाली, "हे मत तुला शिकवलं कुणी? मीच ना? मग सोडताना मला विचारायचंस तरी!" चहाला थांबली नाही.

९ मार्च
पुठ्ठे कापले. खळ केली.

१२ मार्च
मंडळाचे चिटणीस आले. सह्यांचे कागद घेऊन — तेवीस. "पक्कं पुस्तक बांधा. नातवंडांनी बघितलं पाहिजे. तुमचंही पान आहे की!" हसले. मीही हसलो!

१४ मार्च
घात झाला. शिवण झाली आणि नेहमीसारख्या तिन्ही कडा मशीनवर कापल्या. वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. कात्रणं गोळा करताना एका पट्टीवर माझीच सही दिसली. मग दुसरी, तिसरी... सगळ्यांनीच माझ्यासारख्या तळाला चिकटून केल्या होत्या, दडवल्यासारख्या!

मजकूर शाबूत. नावं केरात.

१५ मार्च
चिटणिसांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. "चूक झाली हो. खरंच चूक." त्यांनी ठरवलं: परवा सकाळी आठ वाजता तेवीस जणांनी सह्या करायला पुन्हा यायचं.

१६ मार्च
ताई आली. आपणहून चहा मागितला. "मुद्दाम कापल्यास ना? सगळीकडे तेच बोलणं चाललंय! वाटलं नव्हतं रे तुझ्यात एवढी धमक असेल." पाठीवरून हात फिरवला.
सांगणार होतो. साखर जास्त झाली का, एवढंच विचारलं.

१७ मार्च
अकरा जण आलेच नाहीत. "बाइंडर घाबरला नाही, मग आम्ही का घाबरायचं?" असं म्हणाले म्हणे.

माझी सही सातलाच झाली होती, कुणी यायच्या आत. या वेळी वर, ठळक — चिटणिसांनी बोट ठेवलं तिथे.